कुजक्या बांगड्याचं ताट

हळर्ण गावच्या गोकुळदास आणि विमला यांच्या घरात सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. चौथ्या दिवशी सकाळी विमलाने त्या सिनेमाचा मुख्य प्रसंगच माडाच्या आळ्यात ओतला.

सिनेमा भुताचा होता. मुलगा गेलेलं एक जोडपं. आई रोज त्याच्या नावाने ताट वाढते, अन्न कुजतं, मग ताटातून बोटं उगवतात, भिंती श्वास घेतात, वगैरे. त्यासाठी भात आणि बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, तीन दिवस झाकून कुजवलं होतं. विमलाला वास आला. तिने ताट रिकामं केलं, राखेने घासलं आणि उन्हात वाळत ठेवलं.

"काकी, ते ताट सिनेमातलं होतं," दिग्दर्शक रडवेल्या आवाजात म्हणाला. मुंबईचा, तिशीतला मुलगा.

"कुजको नुस्तो? असो मासो घरात कोण ठेवता? मिया टाकलंय."

नायिका सिद्धी संध्याकाळी परत जाणार होती; प्रसंग त्याआधी घ्यायला हवा होता. गोकुळदासने दिग्दर्शकाला स्कूटरवर बसवून मासळीबाजारात नेलं, मासळीवाल्या चंद्रावतीपुढे उभं केलं.

"मावशी, कुजलेले बांगडे आहेत का?"

चंद्रावतीने सुरी खाली ठेवली. "परत विचार."

त्याने परत विचारलं. शेजारच्या दोघी मासळीवाल्या उठून उभ्या राहिल्या.

"तीस वर्सां हंय बसतंय," चंद्रावती म्हणाली. "माझ्याकडे शिळो नुस्तो मिळाचो नाय."

"निदान कालचे?"

"कालचे काल संपले."

हे खरं नसल्याचं गोकुळदासला चांगलं ठाऊक होतं. पण त्याला याच बाजारात आयुष्य काढायचं होतं. त्याने डझनभर ताजे बांगडे घेतले, वर माफी मागितली.

घरी विमला आदोळीवर, म्हणजे विळीवर, ते बांगडे कापायला बसली.

"ताजं ताट कसं दाखवू, काकी?" दिग्दर्शक म्हणाला. "ती दुःखात बुडालेली बाई आहे. तिला अन्नाचं भान नसतं."

विमलाचा मुलगा साईश चार वर्षांपूर्वी धारगळच्या हमरस्त्यावर अपघातात गेला होता. सिनेमावाल्यांना हे माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"माझो झील गेलो तेव्हा मियाय ताट वाढलंय. म्हयनोभर," ती मान वर न करता म्हणाली. "आणि सांजेक मीच खाल्लंय. त्येच्या ताटात किडे? माझ्या घरात ता होवचा नाय. सिनेमात सुद्धा."

दारात उभा असलेला गोकुळदास हळूच म्हणाला, "माका सांगी, मांजर खाता म्हणान."

दिग्दर्शकाने हातातले संहितेचे कागद दुमडून खिशात घातले.

दुपारी सिद्धी घासलेल्या ताटापुढे बसली. हुमण-भात कालवून जेवली. 'कट' म्हटल्यावरही थांबली नाही.

सिनेमा पणजीत दाखवला, तेव्हा नवरा-बायकोला पुढच्या रांगेत बसवलं होतं. बोटं उगवली, भिंती हलल्या, मागची पोरं हसत राहिली. पण मेलेल्या मुलाच्या ताटातला बांगडा आई शांतपणे काटे काढून खाऊ लागली आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं. शेजारच्या मुलीने डोळ्यांवर हात घेतले.

विमलाने तिचे हात अलगद खाली ओढले.

"भिया नको गो," ती म्हणाली. "जेवता ती."