तायडेकाकांचा तारांकित प्रश्न

तायडेकाकांना कोणी काहीही विचारलं, की ते आधी डोळे मिटून प्रश्नाची प्रतवारी करत. प्रश्न तारांकित असेल तर तोंडी उत्तर मिळे. अतारांकित असेल तर लेखी.

"साहेब कवा येतीन जी?" खिडकीतून कोणी विचारी.

"अतारांकित. लेखी उत्तर भेटन."

ही टाळाटाळ नव्हती. पंधरा दिवसांत त्या माणसाच्या पत्त्यावर खरोखरच पोस्टकार्ड जाई. मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी साहेबांचा दौरा विचारला होता. त्यांना कार्ड आलं, 'आपल्या प्रश्नास अनुसरून कळविण्यात येते की, साहेब मागील आठवड्यात येऊन गेले.' मास्तर कार्ड फडकवत भांडायला आले. "अहो, मी रोज सकाळी दूध आणायला या खिडकीसमोरून जातो! हाक मारायची!"

"पंधरा दिवसांची नोटीस लागते, मास्तर," काका शांतपणे म्हणाले. "थो नियम मी नाही केला."

हे कार्यालय म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतलं आमच्या खासदारांचं संपर्क कार्यालय. मी तेव्हा अमरावतीला राज्यशास्त्रात एम. ए. करत होते आणि 'राष्ट्रीय राजकारणाचा प्रत्यक्ष अनुभव' अशा भारदस्त नावाची उन्हाळी इंटर्नशिप मला मिळाली होती. दिल्लीची एक जागा होती, ती साहेबांच्या भाच्याला गेली. माझ्या वाट्याला राष्ट्रीय राजकारणातला एक कूलर, दोन लोखंडी कपाटं आणि सुखदेव तायडे आले.

पहिल्याच दिवशी मी त्यांना कापसाचा भाव, बोगस बियाणं आणि सरकारचं कृषी धोरण यांवर उभ्या उभ्या पंधरा मिनिटं ऐकवलं. घरात मी चळवळीची पत्रकं वाचतच मोठी झाले, त्यामुळे दम कमी पडला नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं बोलते. हे सारं आपण शून्य प्रहरात घेऊ."

शून्य प्रहर म्हणजे बाराचा चहा.

तो चहा रफीकभाई आणत. समोरच्या टपरीवरून हातात किटली घेऊन ते दारात थांबत आणि वाकून विचारत, "तायडेसाब, हाउस चालू है के तहकूब?" काका मान हलवत, मग ते आत येत. एकदा काकांनी "साखर कमी हाय" म्हटलं, तर रफीकभाई म्हणाले, "इसका जवाब पंद्रह दिन बाद मिलेगा, पोस्टकार्ड डाल दूंगा." काका त्या दिवशी मनापासून हसले. त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस त्यांना आवडे.

टेबलावर एक पितळी घंटी होती. खिडकीशी गलका झाला की ती वाजे. लांबच्या खेड्यातला एक म्हातारा सलग पाचव्यांदा रिकाम्या हातानं परत चालला होता. जाता जाता त्यानं साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकांनी घंटी वाजवली. "हे वाक्य कामकाजातून काढून टाकलं."

"म्या त तोंडातून काढलं," म्हातारा म्हणाला, "तुमी आता कुठून काढता बाप्पा?"

भिंतीवर काकांनी स्वतः काढलेला लोकसभेचा नकाशा होता. घोड्याच्या नालासारखी बाकं, मध्ये अध्यक्षांची खुर्ची, आणि आमच्या साहेबांच्या जागेवर लाल टाचणी. काकांनी इथं तीन खासदार पाहिले होते. निवडणूक झाली की टाचणी कधी या बाजूला जाई, कधी त्या बाजूला. काका तेच राहत. दिल्ली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, पण कोणत्या दारातून आत गेलं की कितव्या पावलाला कुठलं बाक लागतं, हे ते डोळे मिटून सांगत.

मला या माणसाचा राग येई. खोटं कशाला सांगू, तिरस्कारच वाटे. त्या उन्हाळ्यात खिडकीशी उभ्या राहणाऱ्या बायकांच्या हातात नवऱ्याच्या आत्महत्येनंतरच्या सरकारी मदतीचे कागद असत. तहसीलनं मरणाचीही प्रतवारी करून ठेवली होती, पात्र आणि अपात्र. नवरा कोणत्या रकान्यात मेला हे विचारायला त्या तीन-तीन एसट्या बदलून येत, आणि आत हा माणूस घंटी वाजवत बसे. वर मंगळवारी आणि शुक्रवारी तो पार दुपारी उगवे. कारण विचारलं की, "अतारांकित."

एका दुपारी माझा तोल गेला. "काका, बाहेर माणसं मरून राहिली अन् तुम्ही संसद-संसद खेळून राहिले! लाज नाही वाटत?"

मला वाटलं, घंटी वाजेल. काकांनी डोळे मिटले.

"तारांकित," ते म्हणाले आणि उठून कपाट उघडलं.

आत एक जाडजूड फाइल होती. नऊ वर्षांत, प्रत्येक अधिवेशनाला, तीन वेगवेगळ्या खासदारांच्या सहीनं पाठवलेला एकच प्रश्न तिच्यात होता. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवरच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचं पाणी खारं असल्यामुळे गावोगाव मूत्रपिंडाचे आजार होत आहेत, हे खरं आहे काय? असल्यास, त्या गावांना गोडं पाणी देण्यासाठी शासन काय करत आहे? आणि नसल्यास, त्याची कारणं काय?

मी अमरावतीची. खारपाणपट्टा मला नकाशावर माहीत होता. तिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, हेही ऐकून होते. माणसंही तगत नाहीत, हे कोणी शिकवलं नव्हतं.

"तिघांनीबी न वाचता सह्या केल्या," काका म्हणाले. "थे एक बरं झालं. पण लॉटरी असते, बाई. शेकड्यानं प्रश्न जाते, वीस तारांकित निघते, अन् तासाभरात चार-पाचच बोलल्या जाते. आपला आजवर अतारांकितात पडला. लेखी उत्तर येते, माहिती संकलित करण्यात येत आहे. नऊ वर्षं संकलित करून राहिले."

"मग नुसतं पाठवून काय उपयोग?"

"तोंडी निघाला ना, त मंत्र्याले उभं राहा लागते. आपल्या माणसाले दोन पुरवणी प्रश्न भेटते. साऱ्या देशासमोर. दोन!" त्यांनी दोन बोटं वर धरली. "तवा त्याले संकलित म्हणता येत नाही."

मे महिन्यात तो प्रश्न निघाला. तारांकित, आणि यादीत तिसरा. दिल्लीहून फॅक्स आला तेव्हा काकांनी तो तीनदा वाचला, घंटी वाजवून सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब केलं आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. रफीकभाईंनी त्या दिवशी सगळ्यांना फुकट चहा पाजला. "तायडेसाब, आज सरकार गिराओगे क्या?"

पुढचे दिवस मी आणि काका पुरवणी प्रश्न लिहीत बसलो. साहेबांसाठी हिंदीत, मोठ्या अक्षरात, कुठं थांबायचं तिथं रेघ मारून. पहिला प्रश्न, या गावांना धरणाचं पाणी नळानं कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. दुसरा, तोवर जे आजारी आहेत त्यांच्या डायलिसिसची सोय तालुक्याच्या गावी का नाही. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास एसटीत उभं राहून माणूस बरं होतं की मरतं. हा दुसरा काकांनी एकटाकी लिहिला. मी एक शब्द बदलला नाही.

भांडण झालं ते सुरुवातीवरून. काकांनी सगळ्यात वर लिहिलं होतं, 'अध्यक्ष महोदय, सर्वप्रथम मैं माननीय मंत्रीजी का हृदय से आभार व्यक्त करता हूँ कि उन्होंने हमारे पिछड़े क्षेत्र की चिंता की.'

"आभार कशाचे?" मी उसळले. "नऊ वर्षं लोकांना खारं पाणी पाजल्याचे? खोडा ते."

"बाई, दार वाजवल्याबिगर कोणाच्या घरात जाते का तू? सभागृहाची रीत हाय थे."

"काका, ही रीत नाही, लाचारी आहे."

"असू दे लाचारी. एका वाक्याची लाचारी, अन् मंग दोन प्रश्न. सौदा वाईट नाही."

वाक्य राहिलं. फॅक्स गेला. काकांनी गावाकडे निरोप धाडला की अमुक दिवशी अकरा वाजता टीव्ही लावा. दर्यापूरकडचं त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातच होतं.

त्या दिवशी कार्यालयात उभं राहायला जागा नव्हती. साहेब येतात की नाही हीच सगळ्यांना धास्ती होती, कारण हजेरीचा त्यांना फारसा शौक नव्हता. पण साहेब आले होते. कडक इस्त्रीत, लाल टाचणीच्या जागेवर. काका टीव्हीच्या पडद्याजवळ जाऊन बोट लावून म्हणाले, "पाहा! पाहा, बसले हायेत!"

पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. अध्यक्षांनी साहेबांचं नाव पुकारलं. मंत्री उठले आणि म्हणाले की राज्य शासनाकडून माहिती संकलित करण्यात येत आहे, निवेदन पटलावर ठेवलं आहे. कार्यालयात शिट्टी वाजली. आता आमचा माणूस उभा राहिला. त्याच्या हातात आमचा कागद होता. मोठी अक्षरं पडद्यावरसुद्धा ओळखू आली.

"अध्यक्ष महोदय," साहेब वाचू लागले, "सर्वप्रथम मैं माननीय मंत्रीजी का हृदय से आभार व्यक्त करता हूँ कि उन्होंने हमारे पिछड़े क्षेत्र की चिंता की."

मग त्यांनी कागदाची घडी घातली, मंत्र्यांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "मैं उत्तर से संतुष्ट हूँ. मुझे कोई पूरक प्रश्न नहीं पूछना है."

बाकं वाजली. अध्यक्षांनी चौथ्या प्रश्नाचं नाव घेतलं. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

कारण आम्हाला तासाभरात कळलं. जूनमध्ये साहेबांच्या नव्या कॉलेजचं उद्घाटन होतं आणि त्याला तेच मंत्री येणार होते. भाच्यानं दिल्लीहून फोनवर मोठ्या खुशीत सांगितलं, "भाषण मस्त झालं म्हणावं काकांना. साहेबांना ते पहिलं वाक्य फार आवडलं."

लोक पांगले. कोणी शिवी दिली, पण घंटी वाजली नाही. रफीकभाईंनी किटली टेबलावर ठेवली, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मला ओरडायचं होतं, मी सांगत होते ना, खोडा ते वाक्य. काकांकडे पाहिलं आणि त्यांच्यासमोर चहा ओतला.

"मी गावाले जातो," काका म्हणाले.

"मीही येते."

दर्यापूरपर्यंत एसटी, पुढे काळी-पिवळी जीप. काका सबंध वाटेत एकच वाक्य बोलले, "थे वाक्य माह्यं होतं." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी जमीन नुसती तापत होती.

फाट्यावर उतरलो तर पानठेल्यावरच्या माणसानं लांबूनच हाक मारली. "तायडेभाऊ! सारी आळी तुमच्या घरी बसली होती टीव्हीले. वहिनीनं सतरंज्या टाकल्या, चहा केला सगळ्याइले. अन् तुमचा साहेब त आभार मानून बसूनच गेला ना बे! इचारलं काहून नाही त्यानं?"

काकांनी उत्तर दिलं नाही. तोंडी नाही आणि लेखीही नाही.

घर दोन खोल्यांचं. सतरंज्या अजून पसरलेल्याच होत्या, कपबशा कोपऱ्यात ठेवलेल्या. प्रमिलाकाकू खाटेवर बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, आणि डाव्या कोपराच्या आत, सुया टोचून टोचून दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरा. मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे काय, ते मला त्या हाताकडे पाहून कळलं. ते दोन दिवस काका पहाटेच्या एसटीनं त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात नेत, मशीनवर झोपवत, तिथं बहिणीच्या हवाली करत आणि मग अकोल्याला येऊन आमची बोलणी खात. कार्यालयात कोणालाही हे ठाऊक नव्हतं.

काका उंबऱ्यात उभे राहिले. चप्पल काढायचंसुद्धा त्यांना सुचेना. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच काकू बोलल्या.

"मायबाई, आले का तुमी? काय सांगू, ऐन टायमाले लाइन गेली. माणसं जमली, चहा झाला, अन् भप्पकन बंद. काहीच नाही दिसलं आमाले." मग माझ्याकडे वळून, "ये माय, बस. उन्हाची आली."

मी काकांकडे पाहिलं. फाट्यावरचं बोलणं आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. काका हळूच आत आले आणि खाटेच्या कडेला टेकले.

"नाही दिसलं?"

"काहीच नाही. आता तुमीच सांगा. इचारलं का साहेबानं?"

"इचारलं," काका म्हणाले.

"दोनी?"

"दोनी."

"माह्या एसटीचं?"

"थे त पहिले इचारलं." काकांचा आवाज आता जरा मोठा झाला. "सारं सभागृह चूप. मंत्री उभा राहिला अन् त्याले बोलताच येईना. पाणी पेला, बाप्पा, पाणी! अध्यक्ष म्हणे, उत्तर द्या. विरोधी बाकावरून लोक उभे, आमच्या बाकावरूनबी उभे. साहेब म्हणे, मी समाधानी नाही."

"असं म्हणले?"

"दोन डाव म्हणले. इचार या पोरीले."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून मला शिकवलं होतं की खोटं बोलणाऱ्याच्या तोंडावर खरं फेकायचं. मी मान हलवली, हो म्हणून.

"मंग मंत्री काय म्हणला?" काकूंनी विचारलं, आणि सुजलेला हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला.