साळवेकाकांचा रव्याचा केक

साळवेकाका दर नाताळात केक करत. पण आपण केलेला केक त्यांनी स्वतः खाल्लेला कुणी पाहिला नव्हता. "माल करणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा, सावंत," असं ते मला बजावत. आणि त्या वर्षी पास करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं.

वाशीच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नव्या मुंबईत तेव्हा मोकळी हवा भरपूर आणि शेजारी मोजकेच, त्यामुळे असलेल्या शेजाऱ्याला सुटका नसे. काकांचा जन्म ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेला होता. रिटायर झाल्यावरही त्यांच्या घरी पदार्थ होत नसत, सॅम्पल होत. त्या वर्षी डिसेंबर लागला आणि रोज सकाळी मी तोंडात ब्रश धरून उभा असतानाच दारात काका हजर. हातात ताट, ताटात तीन वाट्या, वाट्यांना चिकटपट्ट्या: ए, बी, सी.

"छान झालाय," मी म्हणायचो.

"छान हा रिपोर्ट होत नाही. रॉकेलचा वास येतोय का, ते सांगा."

"नाही येत."

"बी मध्ये?"

"त्यातही नाही."

"वहिनींना बोलवा. दोन सह्या लागतात."

ही पदर खोचून यायची, तिन्ही वाट्या हुंगायची आणि ते गेल्यावर म्हणायची, "हे केक देत नाहीत हो, परीक्षा घेतात." तिचं खोटं नव्हतं. त्या महिन्यात माझ्या पँटी मला होईनाशा झाल्या होत्या.

केक म्हणाल तर अगदी साधा. रवा, दही, साखर, ओलं खोबरं, तूप, दोन अंडी आणि वेलदोडा. सकाळी भिजवायचा, दुपारी भाजायचा. काकांचा गॅसचा नंबर अजून लागायचा होता, म्हणून रॉकेलच्या स्टोव्हवर जाड पातेलं, पातेल्यात वाळू, वाळूवर डबा आणि वर झाकण. सुमनकाकू होत्या तेव्हा हसून म्हणायच्या, "यात काय आहे अवघड? ह्यांनासुद्धा जमेल!" त्या गेल्या आणि ते ह्यांच्यावरच येऊन पडलं.

साळवे मंडळी मूळची नगरकडची ख्रिस्ती. नाताळच्या संध्याकाळी सगळं कुटुंब कोपरखैरण्याला अक्कांकडे जमायचं. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेच्या बाहेरही मुख्याध्यापिकाच. प्रत्येक घराने एक गोड पदार्थ करून न्यायचा, बाजारचा चालत नसे. प्रार्थना झाली की अक्का एकेक डबा उघडत आणि नाव घेत: ही धाकट्या वहिनीची बासुंदी, ह्या लीलाच्या करंज्या, हा सुमनचा केक. काकू गेल्यावरही तो सुमनचाच केक राहिला. वर्षातून एकदा काकूंचं नाव त्या टेबलावर घेतलं जाई, ते ह्या डब्यामुळे.

आणि आदल्या वर्षी ह्याच डब्यातून रॉकेलचा भपकारा आला. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळे दाजी म्हणत, ते ओरडले, "कुणी काडी ओढू नका रे!" सगळे पोट धरून हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. काकांना म्हणाल्या, "शांतवन, पुढच्या वर्षी पण असं झालं, तर त्यानंतर केक मी करीन. सुमनच्या नावावर असलं नको."

"अक्का चांगलाच करेल हो," काका मला म्हणाले होते. "पण मग तो अक्काचा केक होईल. सुमनचं काय राहिलं तिथं?"

म्हणून ती सॅम्पलं आणि म्हणून त्या सह्या. नारळ घ्यायला ते वाशीगावातल्या बाईकडे जात आणि टोपलीतला एकेक नारळ कानाशी धरून हलवत बसत. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अरे दादा, नारल हाय त्यो, रेडू नाय! कवरा येल ऐकशील?" काकांनी तिलाही रिपोर्ट मागितला असता, पण ती कोयता परजून उभी होती.

त्या वर्षी नाताळला त्यांनी मला सोबत यायचं आमंत्रणच दिलं. "पास करणारा माणूस जागेवर हवा. मला फार टेन्शन आलंय, सावंत." दुपारी कपडे करून मी निघालो. पहिल्या मजल्यापर्यंत उतरलो आणि नाकात करपट वास शिरला. खाली आलो तर तो काकांच्याच दाराच्या फटीतून येत होता.

दार ढकललं. काका इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून खुर्चीत ताठ बसले होते. समोर गजराचं घड्याळ. स्वयंपाकघराचं दार लावलेलं.

"हळू!" ते कुजबुजले. "दार आपटू नका, केक बसेल. अजून दहा मिनिटं आहेत."

"काका, जळतंय!"

"काय जळतंय?" त्यांनी खरोखरच विचारलं.

मी आत धावलो. ओट्यावर धूर दाटला होता. स्टोव्ह विझवला, फडक्याने डबा उचलला. बाहेर येऊन पाहतो तर घड्याळ बंदच होतं. धांदलीत किल्ली द्यायची राहिली होती. दहा मिनिटं कितीतरी वेळ दहाच राहिली होती आणि हा माणूस धुरापासून चार पावलांवर शांतपणे बसून होता.

"बाहेरपर्यंत वास येत होता?" काकांनी विचारलं.

"जिन्यात येतोय."

काकांनी बंद घड्याळ उचलून मांडीवर घेतलं. "मला नाही येत. कसलाच येत नाही. तीस वर्षं लॅबमध्ये नाही नाही ते हुंगलं, हळूहळू गेलं. गोड कळतं, खारट कळतं. बाकी सगळा नुसता रवा."

"अक्कांना सांगून टाका ना," मी म्हटलं.

"सांगितलं तर ती केक काढून घेईल. मायेनेच घेईल. मायेने काढून घेतलेलं परत मागता येत नाही, सावंत."

दुसरा केक करायला वेळ नव्हता. मी सुरीने तळाचा काळा थर तासून काढला. वरचा भाग बदामी, चांगला दिसत होता. रिक्षात काका डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. "रॉकेल?" "नाही." "करपट?" "थोडासा." थोड्या वेळाने पुन्हा, "रॉकेल?"

प्रार्थना झाली. डबे उघडले. "हा सुमनचा केक," अक्का म्हणाल्या आणि दाजींनी मुद्दाम उठून खिडकी उघडली. अक्कांनी एक तुकडा कापला; पण तो स्वतःच्या तोंडात न घालता काकांपुढे धरला.

"आधी तू खा. गेल्या वर्षी तू खाल्ला नाहीस, म्हणून आम्हाला खावा लागला. खा आणि सांग कसा झालाय."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"आधी वेलदोडा," ते हळूच म्हणाले. "तो लगेच येतो, वाट बघत नाही. मग दाताखाली खोबरं. आणि गिळल्यावर मागून तूप येतं, जरा खमंग. पण वेलदोडा जात नाही. पाणी प्यायलं तरी राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा असतो, हाताला."

एव्हाना सगळ्यांच्या हातात तुकडे आले होते. मीही खाल्ला. खोबरं होतं, तूप होतं, थोडा करपटपणाही होता. वेलदोडा मात्र नावालाही नव्हता. गडबडीत तो घालायचाच राहिला होता. काका आमच्या हातातल्या केकबद्दल बोलतच नव्हते. काकूंनी केलेला, कधीकाळचा केक ते खात होते.

दाजींनी चावून पाहिलं, पुन्हा चावून पाहिलं. "अरे, पण ह्यात वेलदोडा कुठे..."

"तुम्हाला सर्दी झालीय," अक्का म्हणाल्या.

"मला? कधी?"

"आत्ता. गुपचूप खा."

दाजी बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले, मग गुपचूप खाऊ लागले. अक्का काकांकडे पाहत होत्या. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, तोही संपवला आणि घसा साफ करून शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे. सुमनचाच आहे. पुढच्या वर्षी पण तूच करायचास, शांतवन. फक्त इथं येऊन कर, माझ्या ओट्यावर."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तू करणार."

"मी हातसुद्धा लावणार नाही. तुझ्या शेजारी नुसती उभी राहीन," अक्का म्हणाल्या. "वास घ्यायला."