कस्तुरीबाई तांबट यांनी आपलेच बटण पाडिले त्याची हकीकत

श्री. ज्या आद्य कारागिराने भांड्यास प्रथम कान जोडून लोकांचे हात पोळण्यापासून राखिले, त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. त्या अनामिकास नमन करून लिहितो. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, मिक्सर घडविणारे एक राज्य सुखे नांदत होते, आणि तेथे वस्तूंचे रूप ठरविण्याच्या, म्हणजे प्रॉडक्ट डिझाइनच्या खात्यात, कस्तुरीबाई तांबट वर्षभराच्या उमेदवारीवर आल्या होत्या. बाईंचे तीर्थरूप हातोडीने तांब्याचे हंडे घडवीत, तो धंदा बसल्याने कष्टी होऊन बोलिले, "घडवायच्या कामात आता काही राहिलं नाही, पोरी. वर्षात कायम झालीस तर ठीक, नाहीतर बँकेची परीक्षा द्यायची." बाईंनी कबूल केले, आणि मग सहा महिने खपून नव्या मिक्सरास एक गोल, गुळगुळीत, चकचकीत बटण रचिले, आणि दरबार भरला. त्या दरबाराची चाल ऐसी की, नवी वस्तू हाती घेण्याआधी सर्वांनी रुमालाने हात पुसावे, डाग पडू नये म्हणोन. त्याप्रमाणे राज्याचे धनी जे सरकार, त्यांनी हात पुसून बटण फिरविले आणि वाखाणिले, आणि मग सगळ्यांनी वाखाणिले. आम्हीही मान डोलाविली, लपवीत नाही. पोलादी साचा कापण्याची आज्ञा जाहली, आणि साचा एकदा कापला की त्यातून निघेल ते लाखो घरी जाणार.

साच्यास तीन दिवस उरले असता बाई नमुना घेऊन हौसाबाई कुंभारे यांच्या खाणावळीत गेल्या. हौसाबाई थालिपिठाचे पीठ मळीत होत्या, त्यांनी तशाच हाताने बटण धरिले आणि ते निसटले, पुन्हा धरिले आणि पुन्हा निसटले. "बटन लई देखणं हाय, ताई," हौसाबाई बोलिल्या, "पन माजे हात कवा कोरडे असत्यात? ह्यो माजा जुना बघा." जुन्या मिक्सरच्या बटणास त्यांनी सुतळीने चमचा बांधिला होता, आणि तो त्या मनगटाने ढकलीत. बाई त्या चमच्याकडे पाहतच राहिल्या, आणि मग माघारी येऊन दोन दिवस फोम कोरून मनगटाने ढकलावयाची एक रुंद दांडी सिद्ध केली. दिसण्यास ती ओबडधोबड होती, खोटे का लिहावे.

तिसरे दिवशी बाई भर दरबारी परातीत पीठ मळून घेऊन आल्या, आणि बोलिल्या, "सरकार, आज हात पुसू नका. पिठात घाला." सरकारांनी अस्तन्या सारिल्या, पिठात हात घातिले आणि बटण धरिले. निसटले. पुन्हा धरिले, निसटले. मग दुसऱ्या नमुन्यास जोडलेली दांडी मनगटाने ढकलिली, आणि मिक्सर घुरघुरला. सरकार हात धुवत विचारते जाहले, "तुमचं बटण आम्ही सर्वांनी पसंत केलं होतं. ते तुम्हीच पाडता, नोकरीचं भय नाही वाटलं?"

"वाटलं. काल जेवणही गेलं नाही," बाई बोलिल्या. "पण साचा कापल्यावर भय वाटून काय उपयोग?"

सरकारांनी साचा थांबविला. दांडीस रूप चढविण्यास चार मास लागले आणि राज्य बाजारी मागे पडले, तरी बाई कायम जाहल्या, आणि रुमालाची चाल जाऊन परातीची चाल पडली. पहिला मिक्सर बाईंनी घरी नेला. मातोश्रींनी चटणीच्या हाताने, न पाहता, मनगटाने तो सुरू केला, आणि त्यात काही नवे आहे हे त्यांच्या ध्यानीही आले नाही. तीर्थरूपांच्या मात्र आले. त्यांनी नळाखाली हात ओले केले, दांडी तीन वेळा ढकलून पाहिली, आणि बँकेचा विषय पुन्हा काढिला नाही.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. ऐसी धैर्याची बाई आम्ही दुसरी पाहिली नाही. त्या मिक्सरवर राज्याचे नाव मोठ्या अक्षरी आहे, बाईंचे कोठेच नाही. सबब येथे लिहून ठेविले.