सोडचिठ्ठी

बुधवारी सकाळी हेडक्लार्क ऑफिसात येऊन बसले, तर टेबलावर टाचण्यांच्या डबीखाली मॅनेजरबाईंची पिवळी चिठ्ठी. बाई आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या गावच्या गोदामाच्या तपासणीला निघून गेल्या होत्या, त्या शुक्रवारी परतणार होत्या. चिठ्ठीत तीनच वाक्यं होती, नेहमीप्रमाणे इंग्रजीत : ‘लेट द स्टोअरकीपर गो ऑन फ्रायडे. ही वोंट आस्क. टेक द कीज फ्रॉम हिम.’

हेडक्लार्कांनी ती दोनदा वाचली, आणि त्यांना सगळ्यात आधी काय झालं असेल, तर आनंद. पुढे कित्येक दिवस त्यांना सर्वांत जास्त लाज वाटत राहिली ती या आनंदाची. एका माणसाची नोकरी जाते आहे असं वाचून त्यांना आनंद झाला होता. का, तर ते आपल्याला समजलं म्हणून.

त्याचं असं झालं होतं. महिन्यापूर्वी नव्यानंच आलेल्या या बाईंनी अशीच एक चिठ्ठी पाठवली होती : ‘प्लीज सी टू द फॅन.’ हेडक्लार्क बाईंच्या खोलीत गेले, पंख्याखाली उभे राहिले, मान वर करून त्यांनी पंखा नीट न्याहाळला आणि म्हणाले, “पाहिला, मॅडम. चांगला आहे.” बाई हसल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्यांनी, लहान मुलाला सांगावं तसं, हळू आवाजात सांगितलं, “तो फिरत नाहीये. दुरुस्त करून घ्या.” टायपिस्टबाई तेवढ्या तोंडाला रुमाल लावून जिन्यात पळाल्या. पंचवीस वर्षं कारखान्याची इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याच संध्याकाळी त्यांनी नुसत्या इंग्रजी क्रियापदांचं एक जाडजूड पुस्तक विकत आणलं आणि रोज जेवणाआधी तासभर ते घोकू लागले. एकट्या ‘गो’नं साडेचार पानं अडवली होती. दूध ‘गो ऑफ’ झालं की नासतं, गजर ‘गो ऑफ’ झाला की वाजतो आणि दिवे ‘गो ऑफ’ झाले की विझतात. एवढंसं दोन अक्षरांचं क्रियापद, पण त्याला कसला म्हणून धरबंध नव्हता. त्याच पानावर, तळाला, बारीक टायपात छापलं होतं : ‘लेट गो’ म्हणजे नोकरीवरून कमी करणे; सभ्य शब्दांत.

आता आनंद ओसरला आणि हेडक्लार्कांना स्टोअरकीपर दिसू लागले. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना काचेची भांडी पुरवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. एकतीस वर्षं मामा त्या स्टोअरात होते. फ्लास्क उचलायचा, नखानं टिचकी मारायची, कान द्यायचा. ‘टण्’ वाजला की चांगला, ‘टक्’ वाजला की कुठंतरी तडा. असा माणूस काढायचा? आणि तोही चिठ्ठीवर?

“एकदा मॅडमना विचारून तर घ्या,” संध्याकाळी बायको म्हणाली.

“काय विचारू? ‘गो’ म्हणजे काय, असं?”

“त्यात काय बिघडलं?”

“पंखा विसरलीस?”

“अहो, पंखा वेगळा आणि माणूस वेगळा. एकतीस वर्षांच्या माणसाला असं काढतात होय कुणी?”

“इंग्रजीत असंच काढतात. सभ्य भाषा आहे ती. बघ ना, वर लिहिलंय, तो स्वतः विचारणार नाही. म्हणजे राजीनामा स्वतःहून देणार नाही. आणि किल्ल्या काढून घ्या. आता याहून स्पष्ट काय लिहायचं?”

बायकोनं चिठ्ठी उलटसुलट केली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तिला शंका येत होती. “मला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं बाई,” ती म्हणाली. हेडक्लार्क नुसते हसले. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस जसा हसतो तसे.

गुरुवारी सकाळी ते स्टोअरात गेले. मामा गवतात गुंडाळलेले फ्लास्क एकेक करून बाहेर काढत होते.

“मामा, माणसानं वेळ आली की मोकळं व्हायला हवं,” हेडक्लार्कांनी सुरुवात केली.

“खरंय साहेब. आमचं सकाळपासून त्याचंच बिनसलंय. काल वडे जरा जास्त झाले.”

“तसं नाही हो. म्हणजे, सोडायला शिकलं पाहिजे.”

“तंबाखू ना? ती सोडली मी. दोन वर्षं झाली.” टिचकी. टण्.

“अहो, मी स्टोअरचं म्हणतोय! तुम्ही थकलात, आता थोडी विश्रांती…”

“छे छे, मी ठणठणीत आहे. तुम्ही बसा ना. तुमचाच चेहरा उतरलाय.”

हेडक्लार्क खोक्यावर बसले. आडवळणाचे सगळे रस्ते संपले होते. त्यांनी चिठ्ठी पुढे केली, मग मामांना इंग्रजी येत नाही हे आठवून मागे घेतली, आणि जमिनीकडे बघत सांगून टाकलं, “मामा, उद्यापासून तुम्ही यायचं नाही. मॅडमचा हुकूम आहे.”

मामांच्या हातात फ्लास्क होता. त्यांनी तो अलगद गवतात ठेवला.

“माझं काही चुकलं का, साहेब?”

“नाही हो.”

“काही फुटलं? पाठवलेला माल कमी भरला?”

“काहीच नाही. हे… हे वरून आलंय.”

मामांनी कमरेचा जुडगा काढला. किल्ल्या दिल्या. मग खिशातून कंपनीनं दिलेला मोबाईल काढला, शर्टाला पुसला आणि तोही दिला. “साहेब, एक करा. चिठ्ठी टेबलावर ठेवून मोकळे झाला असता, तर तुम्हाला कोण विचारणार होतं? पण तुम्ही स्वतः आलात. मी हे विसरणार नाही. फक्त कुणाला सांगू नका.”

हेडक्लार्क वर आले आणि मन हलकं करावं म्हणून फक्त टायपिस्टबाईंना सांगितलं. तेही शपथ घालून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भट्टीवरच्या कारागिरांनाही कळलं होतं. मग आता एवढं झालंच आहे, तर माणसाला असं चोरासारखं कसं पाठवायचं, म्हणून चार वाजता पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळे जमले. चहा झाला, बिस्किटं झाली. हेडक्लार्क बोलायला उभे राहिले आणि असे काही बोलले की पॅकिंगच्या दोन बायका हुंदके देऊन रडल्या. आपण इतकं चांगलं बोलू शकतो हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. बोलताना मधेच त्यांना बरं वाटू लागलं होतं, हेही त्यांना नंतर आठवलं.

मामा उभे राहिले. “संभाळून घेतलंत,” एवढंच म्हणाले आणि बसले.

शुक्रवारी हेडक्लार्क स्वतःच स्टोअरात होते. नवा माणूस मिळेपर्यंत दुसरं करणार कोण? एका कॉलेजचा माल जायचा होता. त्यांनी फ्लास्क उचलला, नखानं टिचकी मारली, कान दिला. टण् की टक्? दोन्ही सारखंच. जरा जोरात मारून बघावी म्हणून मारली, तर निकाल लगेच लागला. अकरापर्यंत असे तीन निकाल लागले. चौथा हातात असताना मॅनेजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. प्रवासातून आल्या होत्या, पण प्रसन्न दिसत होत्या.

“गेले का मामा?”

“गेले, मॅडम.”

“कसे गेले? लाजतच असतील.”

“काही बोलले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं.”

“अगं बाई! साहजिक आहे म्हणा. आयुष्यात एकदाच येणारा दिवस.”

हेडक्लार्कांना हे बोलणं जरा निर्दयपणाचं वाटलं. पण सभ्य भाषेत असं बोलत असतील, असं समजून त्यांनी मान डोलावली. “आम्ही काल छोटासा निरोपसमारंभ केला, मॅडम.”

“निरोपसमारंभ? एका दिवसासाठी?”

“एका… दिवसासाठी?”

“आज त्यांच्या मुलीचा पदवीदान समारंभ ना! तीन वाजता. घरातली पहिली पदवी. मामा रजा मागायला लाजतात, म्हणून मामींनी मला फोन केला होता. म्हणून तर तुम्हाला लिहिलं, यांना जाऊ द्या, हे स्वतः विचारणार नाहीत, किल्ल्या घेऊन एक दिवस तुम्ही संभाळा.” बाई थांबल्या. हेडक्लार्कांच्या चेहऱ्याचा रंग बघून त्यांचा आवाज बदलला. “तुम्ही काय केलंत?”

हेडक्लार्कांनी सांगितलं. सांगताना चौथा फ्लास्क हातातच होता. तो बाईंनी काढून घेतला.

“पण मी ‘जाऊ द्या’ असं लिहिलं होतं!”

“मीही ‘जाऊ द्या’च वाचलं, मॅडम. फक्त जरा लांबपर्यंत.”

“नीट समजलं नव्हतं, तर विचारायचं नाही?”

हेडक्लार्कांना समजलं होतं, म्हणून तर विचारलं नव्हतं.

“आधी त्यांना फोन लावा,” बाई म्हणाल्या.

ते धावत वर गेले, टेबलावरून मामांचा नंबर फिरवला, आणि त्यांच्याच खणात फोन वाजू लागला. आदल्या दिवशी जमा करून घेतलेला. टायपिस्टबाईंनी रुमाल शोधायला पर्स उघडली, पण या वेळी त्यांनाही हसू आलं नाही.

मामींचा फोन लागेना, तेव्हा हेडक्लार्क टॅक्सी करून मामांच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारची बाई बाहेर आली.

“त्या दोघी कधीच गेल्या समारंभाला. आणि मामा ना? ते गेले सकाळी आठला. कामावर. डबा घेऊन, रोजच्यासारखे. मुलगी इतकी विनवत होती, बाबा एक दिवस चला. तर म्हणाले, रजा नाही मिळत.”

म्हणजे मामांनी घरी सांगितलंच नव्हतं. आज मुलीचा दिवस. आजच्या दिवशी कसं सांगायचं? हेडक्लार्कांना शेजारणीसमोर उभं राहवेना. ते टॅक्सीत बसले आणि तासभर मामांच्या शोधात भटकत राहिले. बाग बघितली, वाचनालय बघितलं, स्टेशनाची बाकडी बघितली. एक वाजून गेला. शेवटी बाईंना तोंड दाखवणं भाग होतं, म्हणून कारखान्यासमोर उतरले. पण फाटकातून आत पाऊल टाकायचा धीर होईना. समोरच्या बसस्टॉपच्या बाकावर ते मटकन बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं.

“या साहेब, जेवायला,” शेजारून आवाज आला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला मामा डबा उघडत होते.

“मामा! तुम्ही इथं?”

“रोजच्या बसला बसलो, रोजच्या स्टॉपला उतरलो. पोरीपुढं हे तोंड घेऊन जाववेना, पुढं कुठं जायचं ते कळेना. बसलो.” मामांनी झाकणावर पोळी काढून त्यांच्यापुढे धरली. “घ्या. तुमचं जेवण झालेलं दिसत नाही.”

ती पोळी हातात घेऊन हेडक्लार्कांनी सगळं सांगितलं. पंखा, पुस्तक, साडेचार पानं, तळाचा बारीक टाईप. काही गाळलं नाही. मामा ऐकत होते.

“म्हणजे मला कुणी काढलंच नव्हतं?”

“नाही.”

“मग काल काढलं कुणी?”

“मी,” हेडक्लार्क म्हणाले. असं एका अक्षराचं उत्तर त्यांनी पंचवीस वर्षांत दिलं नव्हतं. “मला हवं ते बोला, मामा. दोन मुस्काटात द्या.”

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “ते नंतर बघू. टॅक्सी थांबवा.”

टॅक्सीत बसल्यावर मामा एवढंच म्हणाले, “एक ध्यानात ठेवा, साहेब. घरी यातलं काही ठाऊक नाही आणि कळायलाही नको. पोरीचा दिवस आहे. तुम्ही माफीबिफी मागत बसू नका.”

“बरं,” हेडक्लार्क म्हणाले. हे काय कबूल करतो आहोत, ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

ते सभागृहाच्या पायऱ्यांवर आले. काळ्या झग्यातली मुलगी बापाच्या हातातल्या डब्यासकट बापाला बिलगली. मामी डोळे पुसत हेडक्लार्कांकडे वळल्या.

“तुम्हीच ना ते हेडक्लार्कसाहेब? तुम्हीच सोडलंत ना ह्यांना?”

हेडक्लार्कांनी मामांकडे पाहिलं. मामा आकाशाकडे बघत होते.

“हो,” ते म्हणाले. “मीच सोडलं.”

“बघा! मॅडमनी नुसतं सांगितलं असेल, पण तुम्ही स्वतः टॅक्सी करून आणून सोडलंत. कोण करतं हो हल्ली हाताखालच्या माणसासाठी एवढं? अगं, पाया पड साहेबांच्या!”

मुलगी वाकली. हेडक्लार्क दोन पावलं मागे सरकले, पण मागे भिंत होती. “नको, नको, अहो मी काहीच…” एवढं बोलून त्यांना गप्प बसावं लागलं, कारण पुढचं बोलायची बंदी होती. मग मामींनी हट्टानं त्यांना फोटोत ओढलं. तेही कडेला नाही, मधोमध.

तो फोटो आता मामांच्या बाहेरच्या खोलीत, दारातून शिरल्या शिरल्या समोर दिसेल असा लावलेला आहे. मामा सोमवारपासून पुन्हा स्टोअरात रुजू झाले. झाल्या गोष्टीचा त्यांनी पुन्हा शब्दही काढला नाही. काढला असता तर हेडक्लार्कांना जरा सुटल्यासारखं तरी वाटलं असतं. घरी आलेलं कुणी फोटो बघून हमखास विचारतं, “हे मधले गृहस्थ कोण? असे मान खाली घालून का उभे आहेत?”

“ह्यांचे साहेब,” मामी सांगतात. “स्वभावच तसा आहे त्यांचा. कुणासाठी काही केलं, तर त्याचा बोभाटा झालेला त्यांना खपत नाही. देवमाणूस!”

मामा तेव्हा चहाचे कप उचलतात आणि आत निघून जातात.