प्रभारी आणि नऊ नंबरची बस

एका रविवारी अर्धी दाढी झालेली असताना प्रभारी व्यवस्थापकांनी ठरवलं, की ऑफिसातल्या चाळीस माणसांना त्यांच्या गाड्या सोडायला लावायच्याच.

म्हणजे ठरवलं होतं मोठ्या साहेबांनी. ऑफिसच्या पार्किंगच्या जागेवर नवी इमारत उठणार होती. "महिनाभरात सगळे बसने यायला लागले पाहिजेत," साहेब म्हणाले होते. "जमवून दाखवा, तुमच्या पाटीवरचा तो 'प्रभारी' पुसून टाकतो."

हा 'प्रभारी' चार वर्षं पाटीला चिकटून होता. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना नुसतं 'व्यवस्थापक' सांगितलं होतं. (खोटं काहीच नव्हतं, फक्त अर्धं होतं.) लग्नानंतर बायको पहिल्यांदा ऑफिस बघायला आली. तिनं पाटी वाचली, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोलीला उजेड छान आहे हो." त्या उजेडानं प्रभारींची तीन महिने झोप उडवली होती.

तर उरलेली दाढी उरकून ते बाहेर आले. "घोषणा सुचली! गाडी सोडा, माणसं जोडा!"

"तुम्ही कधी नऊ नंबरमध्ये चढलाय?" बायकोनं विचारलं. ती रोज त्याच बसने दातांच्या दवाखान्यात कामाला जायची. "तिथं माणसं आधीच जोडलेली असतात. सोडवायला ताकद लागते."

प्रभारींनी मोहीम कागदावर उतरवली. प्रत्येकाला एक कार्ड. ऑफिसच्या गेटवर बसमधून उतरताना दिसलं, की वॉचमननं कार्डाला भोक पाडायचं. वीस भोकं झाली की बक्षीस. बक्षीस काय ठेवावं यावर दोन तास बैठक चालली आणि शेवटी लेखापालांची सूचना एकमतानं मंजूर झाली: उरलेल्या पार्किंगमध्ये महिनाभर राखीव जागा.

घोषणेचे स्टिकर छापून आले. पहिला प्रभारींनी स्वतःच्या गाडीच्या मागच्या काचेवर लावला.

सोमवारी ते घरापासून बसने गेले. एक पाय पायरीवर, दुसरा बहुधा कोणा परक्याच्या पिशवीत, अशा अवस्थेत अर्धा तास काढला. उतरले तेव्हा शर्टाचं वरचं बटण बसनं ठेवून घेतलं होतं.

मंगळवारी ते बायकोला म्हणाले, "अगं, मी आज गाडी फक्त स्टॉपपर्यंत नेतो."

"कोणत्या स्टॉपपर्यंत?"

प्रभारींनी बुटाची नाडी पुन्हा बांधली. "ऑफिसच्या आधीच्या."

"एकाच स्टॉपसाठी बस?"

"उतरताना दिसायला हवं ना! नियम आहे."

"कुणी केलाय?"

प्रभारींनी दुसऱ्या बुटाचीही नाडी पुन्हा बांधली.

आधीच्या स्टॉपवरच्या गल्लीत त्यांनी गाडी लावली आणि वळून बघतात तर मागे लेखापाल स्वतःची गाडी कुलूपबंद करत होते. "चपला शिवायला टाकायच्या होत्या," लेखापाल म्हणाले. "मला औषध," प्रभारी म्हणाले. दोघंही बसची वाट बघत उभे राहिले. बुधवारी चपला शिवायला सात जण आले. पुढच्या आठवड्यात गल्लीत जागा मिळवायला प्रभारींना पावणेआठला घर सोडावं लागायला लागलं. (पूर्वी ते नवाला निघायचे.)

आकडे मात्र डोळे दिपवणारे होते. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी शुक्रवार मुक्रर केला. सगळ्यांनी नऊ वीसच्याच बसने यायचं, ते स्वतः गेटवर फुलं घेऊन उभे राहणार, फोटो निघणार आणि दुपारी रंगारी येऊन 'प्रभारी' पुसणार.

शुक्रवारी घाईत प्रभारींनी गाडी गल्लीच्या वळणावर कशीबशी खुपसली आणि चाळीस सहकाऱ्यांत जाऊन उभे राहिले. नऊ वीसची बस आली, वळायला लागली आणि थांबली. गाडीचं मागचं अंग रस्त्यात हातभर बाहेर होतं.

ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मग डोकं बाहेर काढलं. "कुणाचा डबा आहे हा? काय लिहिलंय बघा मागे! गाडी सोडा! सोडलीये खरी, रस्त्यात!"

चाळीस जण आभाळाकडे बघू लागले. प्रभारींनी सगळ्यांपेक्षा जास्त बघितलं. पुढे झालो तर कबुली, नाही झालो तर गेटवर साहेब फुलं धरून वाळणार.

बसमधून एक बाई उतरली. पर्समधून तिनं चावी काढली. (प्रभारी चावी विसरतात म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून दुसरी तिच्याकडे असायची.) नवऱ्याकडे न बघता ती गाडीत बसली आणि गाडी सरळ केली. बस वळून स्टॉपवर आली, चाळीस जण चढले, प्रभारींचा जीव भांड्यात पडला.

पण गाडी लावायला गल्लीत बोटभर जागा नव्हती आणि मागे वळता येत नव्हतं. रस्ता एकच, पुढचा. ऑफिसच्या गेटवरून.

साहेबांनी फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं, की वळणावरून पहिलं वाहन आलं की फुलं देतो. पहिलं वाहन आलं. साहेबांनी खिडकीतून फुलं आत दिली, हसले, फोटो निघाला आणि मग त्यांनी पाहिलं.

"बस मागे आहे," बाई नम्रपणे म्हणाली.

"गाडी कुणाची ही?"

वॉचमननं काचेवरचा पास मोठ्यानं वाचला. "वाहन क्रमांक एक. प्रभारी व्यवस्थापक."

"मी त्यांची बायको," ती म्हणाली. तिनं एवढंच सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही. तोवर बस येऊन टेकली होती आणि एकेक जण ऐटीत उतरून कार्ड पुढे करत होता.

साहेबांनी मान हलवली. "अहो, चाळीस लोकांना पटवलंत आणि घरातल्या एकीला नाही?"

"सुरुवात घरापासून हवी होती, साहेब," लेखापाल हळहळले. बाकीच्यांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. सगळ्या गर्दीत घरापासून बसने आलेली ती एकटीच होती.

संध्याकाळी प्रभारींनी विचारलं, "सांगितलं का नाहीस, की तू रोज बसनेच जातेस म्हणून?"

"सांगितलं असतं तर गाडी तिथं कुणी लावली तेही सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "बरं, उद्यापासून आपण दोघं बरोबर निघू. पहिल्या स्टॉपवरून. मी जागा धरीन."

पाटीचं म्हणाल तर रंगारी बोलावलेलाच होता. त्याला रिकाम्या हातानं परत कसं पाठवायचं, म्हणून साहेबांनी त्याच्याकडून 'प्रभारी'ची अक्षरं नव्या रंगानं गिरवून घेतली. आता तो शब्द नऊ नंबरच्या खिडकीतूनही स्पष्ट वाचता येतो, असं बायको सांगते. प्रभारींना मात्र अजून खात्री करून घेता आलेली नाही, कारण धरलेल्या एकुलत्या जागेवर ती बसते आणि त्यांना रोज उभंच राहावं लागतं.