जनूभाऊंचा पापुद्रा

आमच्या रोह्याच्या चाळीतले जनूभाऊ म्हात्रे दर रविवारी तुळशीमागची माती उकरायचे आणि पुरलेलं सापडलं नाही की खूश व्हायचे. "गेला! पार मातीत गेला!" असं ओरडत तसेच मातकट हातांनी आमच्याकडे चहाला यायचे.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. जनूभाऊ धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये, मी तिथेच स्टोअरमध्ये. पाणी गाळायला कापसाचा पापुद्रा बनवायचं काम लॅबकडे आलं आणि जनूभाऊंनी ते घरी आणलं. माझ्या खिडकीची काच काढून नेली. विरघळवलेल्या कापसाचा पाक तिच्यावर पातळ पसरायचा, काच थंड पाण्यात बुडवायची, की सायीसारखा पांढरा पापुद्रा सुटून येई. तेवढा वेळ शेजारच्या पंख्यालासुद्धा बंदी. "वारा नको! भोकं बिघडतात!"

साहेबांनी एकदा विचारलं, "म्हात्रे, फिल्टर टिकायला हवा की कुजायला?"

"दोन्ही, साहेब. काम हाय तवर टिकायचा, मग मातीत जायाचा. प्लास्टिकसारखा आपल्या मागं उरायचा नाय."

प्रत्येक पापुद्र्याचा तुकडा तुळशीमागे पुरून बघत बघत शेवटी कॉस्टिक सोड्याने धुतलेला, लवकर कुजणारा पापुद्रा जमला. तो त्यांनी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावी आईच्या घरी बसवला. पावसाळ्यात तिथल्या विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं. दोन डबे एकावर एक, मधल्या भोकाला पापुद्रा. दर महिन्याला जाऊन ते तो बदलायचे.

श्रावणातल्या एका रविवारी माती उकरली, तुकडा गेलेला, आणि जनूभाऊ खूश व्हायच्याऐवजी पळतच माझ्या दारात आले.

"बारा दिसांत गेला हो! एरवी दोन महिने लागतात! आईकडं असलाच बसवून वीस दिस झाले!"

मला तसंच एस.टी.त कोंबलं. नागोठणं मागे पडलं. मग एकदम, "फाटला आसंल. ती तसंच पीत आसंल. जुलाब झाले तं सांगायची बी नाय." पेणला उतरल्यावर गावची गाडी दिसेना, तर चालतच निघाले. चिखलाच्या बांधावर मी मागे धापा टाकत.

आई ओट्यावर सुकट निवडत होती. जनूभाऊंनी आधी तिच्या कपाळाला हात लावला.

"आये, पोटात दुखतं का?"

"मना काय झालंय? बस."

त्यांनी डबा उघडला. पापुद्रा जरा पिवळा पडला होता, पण अख्खा होता. मातीत जो झपाट्याने गेला, तो पाण्यात धरून राहिला होता.

मी म्हटलं, "जनूभाऊ, आईंसाठी कॉस्टिकशिवायचा करा. कितीतरी जास्त टिकेल. एवढी धावपळ नको."

आईच म्हणाली, "नको रं बाबा. बापाशी भांडून मिठागर सोडलंन, तवापासून सणालाबी येत नव्हता. बाप गेला तवा आला, तो उभ्या उभ्या. आता ह्यो पापुद्रा बदलाया तरी येतो."

जनूभाऊंनी मान वर केली नाही. खिशातून नवा पापुद्रा काढून बसवला. पाच मिनिटांचं काम. रबराची कडी घट्ट केली, सैल केली, पुन्हा घट्ट केली. आईने पाट ओढून त्यांच्याजवळ घेतला.

"गळतंय का रं?"

"वायच बघतो, आये."

मी परतीच्या गाडीची वेळ विचारणार होतो. न विचारताच बाहेर बांधावर जाऊन बसलो.