मखराचा करार

राजाराम कुंट्यांना तोंडी व्यवहार मान्य नव्हता. ऑफिसात त्यांचं कामच मुळी व्हेंडर लोकांकडून करार पाळून घेण्याचं. त्यामुळे मागच्या दिवाळीत शेजारचा परीक्षित, "काका, पुढच्या गणपतीला मला एक मखर करून द्या ना," असं म्हणाला, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे कागद काढला. न्यू जर्सीच्या पार्सिपनी गावातल्या त्या रस्त्यावर त्यांच्या सुतारकामाचा दबदबा होता. त्यांची गाडी बाराही महिने बाहेर उभी असे, कारण गराजमध्ये करवत, रंधा आणि पटाश्या नांदत. ठरलं ते असं: परीक्षितनं हिवाळाभर राजारामांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा आणि चतुर्थीच्या आधी राजारामांनी त्याला सागवानी मखर द्यायचं. दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून परीक्षितच्या बायकोनं, रुचानं सही केली.

त्या हिवाळ्यात आभाळ परीक्षितवर जणू डूख धरूनच होतं. बर्फ पडला की बिचारा फावडं घेऊन हजर. राजाराम खिडकीत चहा पीत उभे राहत आणि काचेतून बोटानं दाखवत, "डावीकडे राहिलंय थोडं."

उन्हाळ्यात राजाराम कामाला लागले आणि घोटाळा झाला. घोटाळा असा, की मखर फारच चांगलं झालं. कमानीवर वेलबुट्टी, खांबांवर कमळं, आणि दोन्ही बाजूंना मान वळवून एकमेकांकडे बघणारे मोर. पॉलिशचा शेवटचा हात वाळला आणि राजाराम समोर खुर्ची टाकून बसले ते उठेचनात.

"अहो, द्यायचंय ना ते परीक्षितला?" उल्काताईंनी विचारलं.

"बघू."

इतक्या वर्षांच्या संसारात उल्काताईंना 'बघू'चा अर्थ पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी राजारामांनी परीक्षितला फोन केला. "अरे, लाकडाला तडा गेला रे. असलं देणं बरं दिसत नाही." परीक्षित हळहळला. गोष्ट इथे मिटली असती. पण इतकं सुंदर काम करून गप्प बसणं माणसाला जमत नाही. राजारामांनी मखराचा व्हिडिओ काढून नागपूरच्या एका जुन्या मित्राला, दिगंबरला पाठवला. दिगंबरनं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्या सोसायटीत परीक्षितची आई राहत होती. तिनं तो लेकाला पाठवला: 'तुमच्या तिकडे कोणीतरी केलंय. किती देखणं!' व्हिडिओत राजारामांचा खणखणीत आवाज होता, "एक तडा शोधून दाखव, दिगंबर!"

तासाभरात परीक्षित आणि रुचा दारात उभे.

"काका, असं कसं करून राहिले तुम्ही?" परीक्षितचा आवाज रडवेला झाला होता. "आईबाबा पहिल्यांदा अमेरिकेत येणार आहेत गणपतीला. घरचा पहिला गणपती आहे आमचा."

राजारामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पकडला गेलेला माणूस आधी आवाज चढवतो. "भरपाई देतो ना! या हिवाळ्यात तुझा बर्फ मी काढतो."

"कमरेला पट्टा बांधून झोपता तुम्ही!" उल्काताई आतून ओरडल्या.

"मग ऑनलाइन फोल्डिंगचं मिळतं, ते घेऊन देतो."

"आम्हाला हेच हवंय," रुचा म्हणाली. "करारात सागवानी लिहिलंय."

"मग जा कोर्टात! माझी आन्या लॉ करते. ती बघून घेईल तुम्हाला!"

लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आन्या वीकेंडसाठी घरी आली होती. आरडाओरडा ऐकून ती जिना उतरली, सगळ्यांना डायनिंग टेबलाशी बसवलं आणि करार दोनदा वाचला.

"आय ॲम नॉट अ लॉयर यट," ती म्हणाली, "पण बाबा, मी तुझ्या बाजूनं बोलते. ओके?"

राजारामांनी परीक्षितकडे विजयी नजर टाकली.

"कॉन्ट्रॅक्ट ब्रेक केलं की जज नॉर्मली डॅमेजेस देतो. म्हणजे यांनी दुसरीकडून मखर घ्यायचं आणि जास्तीचा खर्च तू द्यायचा. पण वस्तू युनीक असेल, दुसरीकडे मिळतच नसेल, तर जज सांगू शकतो, तीच वस्तू देऊन टाक. सो, तुला मखर ठेवायचंय ना? मग तुझा बेस्ट डिफेन्स एकच. हे ऑर्डिनरी आहे म्हणायचं."

"काय आहे?"

"ऑर्डिनरी. असलं मखर कुठेही मिळतं. एवढंच म्हण, मी टाइप करते."

राजारामांनी तोंड उघडलं. मिटलं. गराजच्या दाराकडे पाहिलं. घसा खाकरला. "असलं मखर... म्हणजे तसं पाहिलं तर... लाकूड काय, लाकूडच."

"बरोबर आहे काका," रुचा गोड आवाजात म्हणाली. "मोर तर त्या फोल्डिंगच्या मखरालाही असतात."

"त्यांना मोर म्हणतात?" राजाराम ताडकन उठले. "कोंबड्या आहेत त्या कोंबड्या! माझ्या मोराची मान बघितलीस का? असं मखर न्यू जर्सीत नाही! अख्ख्या अमेरिकेत शोध, मिळालं तर मिशी काढीन!"

आन्यानं शांतपणे लॅपटॉप मिटला. "देन यू हॅव टु गिव्ह इट, बाबा."

राजारामांनी मनातल्या मनात सगळा युक्तिवाद उलटसुलट तपासून पाहिला. वर्षानुवर्षं भल्याभल्या व्हेंडरांना घाम फोडलेला हा माणूस. त्याला पोरीच्या बोलण्यात एक फट सापडेना. रागाच्या जागी छातीत काहीतरी हळूहळू फुगत चाललं होतं.

"परीक्षित," ते म्हणाले, "तडा लाकडाला नव्हता रे, माझ्या अकलेला गेला होता. चल, धर त्या बाजूनं. आणि मोरांना हात लावायचा नाही."

चतुर्थीला परीक्षितच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. आरती झाली आणि सगळे मखराभोवती गोळा झाले. परीक्षितची आई तर एका मोरावरून हात फिरवत उभीच राहिली. उल्काताईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं, "सांगा ना, तुम्ही केलंय म्हणून."

पण राजाराम पाहुण्यांच्या गर्दीतून आन्याला हाताला धरून पुढे आणत होते.

"मखराचं राहू द्या हो. हिला भेटलात का? माझी मुलगी. अजून वकील झालीही नाही, आणि मला हरवलं हिनं."

"बाबा!" आन्या लाजून पुटपुटली. "आय वॉज ऑन युअर साइड!"

"ऐकलंत?" राजारामांनी सगळ्यांकडे पाहिलं. "माझ्या बाजूनं असताना हरवलं! समोरून असती तर काय झालं असतं माझं?"